शब्दाला जागलेला पाळक : ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात आज तमिळनाडू राज्याचे सचिवालय आहे. फायली घेऊन लगबगीने जाणाऱ्या कारकुनांच्या आणि पहारेकऱ्यांच्या त्या गर्दीतून थोडे बाजूला वळले की सेंट मेरी चर्चचे शांत आवार लागते. १६८० साली ह्या मंदिराचे समर्पण झाले. आत शिरणाऱ्याचे लक्ष प्रथम जाते ते भिंतींवरच्या संगमरवरी स्मारकांकडे. गव्हर्नर, सेनापती, न्यायाधीश, ऐन तारुण्यात तापाने दगावलेले कारकून, अशा सर्वांची नावे तेथे कोरलेली आहेत. ज्या गव्हर्नर लॉर्ड पिगटला त्याच्याच कौन्सिलातील सभासदांनी १७७६ मध्ये कैद केले आणि जो पुढच्याच वर्षी कैदेत मरण पावला, तोही ह्याच मंदिरात पुरलेला आहे. 

ह्या अधिकारी मंडळींमध्ये एक शिल्प निराळेच आहे. मृत्युशय्येवर एक वृद्ध पाळक आहे, त्याच्याजवळ त्याचा सहकारी आहे आणि भोवती त्याच्या शाळेतील मुले शोक करीत आहेत. हे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ ह्यांचे स्मारक होय. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी बसविले. ज्या कंपनीला मिशनरी म्हणजे एक कटकट वाटत असे, त्याच कंपनीने एका मिशनऱ्याचे स्मारक आपल्या किल्ल्यातील मंदिरात उभारावे, ही गोष्ट सहज घडलेली नाही. त्याहून विशेष असे की ह्याच माणसाचे दुसरे संगमरवरी स्मारक तंजावर येथे आहे, आणि ते एका मराठा राजाने, भोसले कुळातील सरफोजी महाराजांनी, स्वखर्चाने विलायतेहून घडवून आणले. सरफोजी ख्रिस्ती नव्हते आणि पुढेही झाले नाहीत.

मंडळीच्या अध्यक्षाला बाहेरच्या लोकांकडूनही चांगली साक्ष असावी, अशी अपेक्षा पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. दीक्षाविधीच्या वेळी आपण हा भाग वाचतो आणि बहुधा लगेच पुढच्या वचनाकडे वळतो. आपल्या मंडळ्यांमध्ये, शाळा-दवाखान्यांच्या कमिट्यांमध्ये, ट्रस्टच्या निवडणुकांमध्ये पुढारी निवडताना बाहेरच्यांची साक्ष आपण कितीदा विचारतो, ह्याचे उत्तर ज्याचे त्याला ठाऊक आहे. श्वार्ट्झ ह्यांच्याकडे कोणतेही राजकीय पद नव्हते. त्यांच्याकडे होता फक्त त्यांचा शब्द. तो शब्द इतका वजनदार कसा झाला, हे पाहण्यासाठी त्यांचे चरित्र पुन्हा चाळणे अगत्याचे वाटते.

श्वार्ट्झ ह्यांचा जन्म ऑक्टोबर १७२६ मध्ये प्रशियातील झोनेनबुर्ग ह्या लहानशा गावी झाला. हे गाव आज पोलंड देशात मोडते. मूल लहान असतानाच आई वारली. मरताना तिने पतीला व गावच्या पाळकाला सांगितले होते की हे मूल आपण प्रभूला वाहिले आहे, त्याला त्या दृष्टीने शिकवावे. पुढे १७४६ मध्ये हा तरुण हाले येथील विद्यापीठात गेला. तेथे त्यांना बेंजामिन शुल्झ भेटले. श्वार्ट्झ ह्यांचा जन्म झाला त्याच वर्षी हे शुल्झ मद्रासला पोहोचले होते आणि तेथील मिशनचा पाया त्यांनीच घातला होता. आता वार्धक्यात ते तमिळ शास्त्राच्या छपाईच्या खटपटीत होते. त्यांना मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ तमिळ शिकू लागले, आणि भाषा शिकता शिकता त्या भाषेच्या देशाला जाण्याचा निश्चय झाला. वडिलांच्या मिळकतीतील आपला वाटा त्यांनी भावंडांना देऊन टाकला. १७४९ मध्ये कोपनहेगनला त्यांची दीक्षा झाली आणि जुलै १७५० मध्ये ते डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगमबाडी बंदरात, म्हणजे त्या वेळच्या ट्रँकेबारला, येऊन पोहोचले. त्यानंतरच्या अठ्ठेचाळीस वर्षांत ते मायदेशी कधी परतले नाहीत. त्यांनी विवाहही केला नाही.

तरंगमबाडीची पहिली बारा वर्षे शिकण्यात, शिकविण्यात आणि आसपासची खेडी पायी हिंडण्यात गेली. १७६२ मध्ये ते त्रिचनापल्लीला गेले आणि हळूहळू तेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तेथे किल्ल्यात इंग्रजांची मोठी शिबंदी होती. शिपायांना कोणी उपदेशक नव्हता. श्वार्ट्झ इंग्रजी शिकले आणि त्यांना उपदेश करू लागले. १७६३ मध्ये दारूगोळ्याच्या कोठाराचा भयंकर स्फोट होऊन पुष्कळ माणसे मेली आणि कित्येक मुले पोरकी झाली. त्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. मदुराईच्या वेढ्यातील जखमी सैनिकांची त्यांनी शुश्रूषा केली, त्याबद्दल अर्काटच्या नबाबाने बक्षिसी दिली. ती रक्कमही ह्या पोरक्या मुलांच्या शाळेकडे गेली. १७६६ मध्ये तेथील ख्राइस्ट चर्च बांधून पुरे झाले.

ह्या काळातील त्यांच्या राहणीचे वर्णन एका इंग्रज गृहस्थाने लिहून ठेवले आहे. एका जुन्या इमारतीतील एक खोली, जिच्यात त्यांची खाट आणि ते स्वतः एवढेच मावत. उंच माणसाला ताठ उभे राहता येऊ नये इतके छत खाली. अंगावर काळ्या रंगात रंगविलेला जाडाभरडा सुती कपडा. जेवण म्हणजे येथल्या पद्धतीने शिजविलेला भात आणि भाजी. मद्रास सरकारने शिबंदीच्या पाळकाचे काम म्हणून त्यांना वर्षाला १०० पौंड नेमून दिले, तेव्हा पहिल्या वर्षीची सारी रक्कम त्यांनी मिशनच्या कामाला लावली आणि पुढे दरवर्षी निम्मी.

ही गोष्ट आज वाचताना साधी वाटते. त्या वेळचे मद्रास कसे होते हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर येत आणि काही वर्षांत गडगंज होऊन परत जात. नबाबाला चढ्या व्याजाने कर्ज द्यायचे आणि त्यापोटी मुलखाचा वसूल लिहून घ्यायचा, हा राजरोस धंदा होता. पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक साधा नोकर तंजावरच्या उभ्या पिकावर प्रचंड रकमेचा दावा सांगत होता, आणि लॉर्ड पिगटच्या अटकेमागे ह्याच दाव्याचे भांडण होते. पुढच्या गव्हर्नराला, सर टॉमस रम्बोल्डला, कंपनीने नोकरीतून काढले आणि पार्लमेंटात त्याची चौकशी झाली. ज्या शहरात प्रत्येक हात कोणाच्या तरी खिशात होता, त्या शहराला एक रिकाम्या हातांचा माणूस दिसला. लोकांनी त्याच्याकडे पाहिले नसते तरच नवल.

तंजावरच्या मराठा राजाशी त्यांची पहिली भेट १७६९ मध्ये झाली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे ह्यांनी स्थापिलेल्या ह्या गादीवर तेव्हा तुळजाजी राजे होते. राजे टांगलेल्या मंचकावर बसले होते. प्रथम फारसी दुभाष्यामार्फत बोलणे चालले. मग श्वार्ट्झ ह्यांनी सरळ तमिळमध्ये बोलण्याची परवानगी मागितली. दरबारात मिठाई आली, तेव्हा खाण्यापूर्वी देवाचे आभार मानण्याची आपली रीत आहे असे सांगून त्यांनी तेथेच प्रार्थना केली. राजांना हा मनुष्य आवडला. पुढे दरबाराची भाषा म्हणून श्वार्ट्झ मराठीही शिकले. आपल्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या मिशनऱ्यांची आठवण काढताना आपण बहुधा केरी आणि अमेरिकन मिशन ह्यांच्यापासून आरंभ करतो. त्या आधी दूर कावेरीकाठी एक जर्मन पाळक शुभवर्तमान सांगण्यासाठी मराठीचे धडे गिरवीत होता, ह्याचीही नोंद व्हावी. १७७८ पासून ते तंजावरलाच राहू लागले.

पण ते दरबाराचे भाट झाले नाहीत. तुळजाजींच्या उत्तरायुष्यात राज्यकारभार जुलमी झाला, रयत गाव सोडून पळू लागली, तेव्हा त्यांनी राजांना तोंडावर बोल लावला. तसेच मंडळीच्या बाबतीत. क्लोरिंडा ह्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाला होती. तिने बाप्तिस्मा मागितला. विवाहावाचून ते दोघे एकत्र राहत होते, म्हणून श्वार्ट्झ ह्यांनी नकार दिला. गोऱ्या अधिकाऱ्याची मर्जी राखण्यासाठी त्यांनी नियम वाकविला नाही. तो अधिकारी मरण पावल्यानंतर, १७७८ मध्ये, त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. हीच बाई पुढे पालयमकोट्टई येथील मंडळीची माता ठरली. तिने बांधविलेल्या मंदिराचे समर्पण करायला १७८५ मध्ये श्वार्ट्झ स्वतः गेले.

आता १७७९ सालच्या त्या प्रसिद्ध प्रवासाकडे येऊ. मद्रासकर इंग्रज आणि म्हैसूरचा हैदर अली ह्यांचे बिनसले होते. १७६९ च्या तहाचे वचन इंग्रजांनी पाळले नाही, ह्याचा हैदरला संताप होता. इंग्रजांचा कोणताही वकील त्याला विश्वासू वाटत नव्हता. तेव्हा गव्हर्नर रम्बोल्डने श्वार्ट्झ ह्यांना मद्रासला बोलावून, श्रीरंगपट्टणला जाऊन हैदरचा मनोदय समजून घेण्याची आणि कंपनीला शांतता हवी असल्याचे कळविण्याची विनंती केली. हैदरनेही ह्या एका माणसाला भेटण्याची तयारी दाखविली. तो आपल्याला फसविणार नाही अशी त्याची खात्री होती.

श्वार्ट्झ ह्यांना राजकारणात पडणे रुचत नव्हते. तथापि युद्ध टळले तर लाखो जीव वाचतील, आणि वाटेत शुभवर्तमान सांगण्याची संधीही मिळेल, ह्या विचाराने त्यांनी होकार दिला. ते जुलैमध्ये निघाले आणि ऑगस्टच्या अखेरीस श्रीरंगपट्टणला पोहोचले. हैदरने त्यांना आपल्या शेजारी गालिच्यावर बसवून घेतले. अक्षरशत्रू असलेला तो सुलतान एकाच वेळी अनेक चिटणिसांना मजकूर सांगतो, एकही गोष्ट विसरत नाही, हे श्वार्ट्झ ह्यांनी कौतुकाने पाहिले. चाबूक घेऊन उभे असलेले त्याचे शेकडो हुजरेही त्यांनी पाहिले. हैदरच्या मुलखातील रस्ते व पूल चांगले राखलेले असतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले. शत्रूचे चांगले ते चांगले म्हणण्यात त्यांना संकोच वाटला नाही. हैदरच्या नोकरीत काही युरोपीय शिपाई होते, त्यांच्यासाठी तेथे उपासनाही झाली.

निघताना हैदरने वाटखर्चासाठी ३०० रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झ नको म्हणू लागले, पण नाकारणे हा अपमान ठरला असता. त्यांनी ती घेतली आणि मद्रासला येताच सरकारच्या हवाली केली. सरकारने ती त्यांचीच म्हणून परत दिली. तेव्हा त्यांनी तंजावरला गरीब मुलांसाठी इंग्रजी शाळा काढण्याच्या निधीचा आरंभ ह्या ३०० रुपयांनी केला. ह्या कामगिरीबद्दल सरकार त्यांना मोबदला देऊ करीत होते. प्रवासखर्चाखेरीज त्यांनी स्वतःसाठी काही घेतले नाही. काही द्यायचेच असेल तर त्रिचनापल्लीला आपल्या जागी काम करणारे सहकारी पोले ह्यांना तनखा द्यावा आणि तंजावरच्या मंदिराच्या बांधकामासाठी विटा व चुना द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती.

ही भेट निष्फळ ठरली. श्वार्ट्झ ह्यांनी हैदरचा स्पष्ट खलिता मद्रासला आणून दिला, पण मद्रासच्या राज्यकर्त्यांना शांततेपेक्षा इतर गोष्टींची ओढ अधिक होती. जुलै १७८० मध्ये हैदर प्रचंड सैन्यानिशी घाट उतरला आणि कर्नाटकाची राखरांगोळी झाली. येथे मनात एक प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. चांगल्या माणसाने आपले नाव अशा सरकारला उसने द्यावे काय? श्वार्ट्झ ह्यांच्या सच्चेपणाचा उपयोग मद्रासने पडद्यासारखा केला, असे म्हणणाऱ्याला उत्तर देणे अवघड आहे. परंतु हैदरने स्वतः ह्या प्रश्नाचा निकाल आपल्या परीने लावला. त्याचे सैन्य गावेच्या गावे जाळीत असताना त्याने आपल्या सरदारांना हुकूम दिला होता की ह्या पाद्र्याला कोठेही अडवू नये आणि त्याला इजा करू नये. पाठविणारे आणि पाठविलेला ह्यांच्यातील फरक त्या निरक्षर सुलतानाला नेमका कळला होता. शत्रूच्या छावण्यांमधून श्वार्ट्झ आपल्या मंडळ्यांना भेटी देत निर्धास्त फिरले. पुढे त्यांना दुसऱ्यांदा म्हैसूरला जाण्यास सांगण्यात आले, तेव्हा मात्र टिपूच्या माणसांनी सत्यमंगलमला त्यांना अडविले आणि ते परत फिरले.

युद्धात तंजावरच्या किल्ल्यात दुष्काळ पडला. रस्त्यांवर प्रेते दिसू लागली. श्वार्ट्झ ह्यांनी स्वस्ताईच्या दिवसांत तांदूळ घेऊन ठेवला होता, त्यावर कित्येकांचे प्राण वाचले; पण एवढ्याने शहर आणि शिबंदी जगणार नव्हती. विशेष असे की बाहेर खेड्यांत धान्य होते. ते आत आणायला बैल मिळत नव्हते. का? पूर्वी ज्यांनी बैल दिले त्यांना भाडे मिळाले नव्हते, आणि ज्यांनी धान्य आणले त्यांना नाडण्यात आले होते. राजांनी हुकूम सोडले, रेसिडेंटने विनवण्या केल्या. एकही शेतकरी जागचा हलला नाही. अखेर राजांनी कबूल केले की आपली सर्वांची पत गेली आहे, आता ह्या पाद्र्यावर लोक विश्वास ठेवतात का तेवढे पाहावे.

राजांनी त्यांना लोकांशी हवा तो करार करण्याची मोकळीक दिली. श्वार्ट्झ ह्यांनी गावोगाव पत्रे पाठविली : बैल आणा, प्रत्येकाचे भाडे मी माझ्या हाताने देईन. एक-दोन दिवसांत हजारावर बैल गोळा झाले. त्यांनी आपले उपदेशक व ख्रिस्ती मंडळी ह्यांना देखरेखीला लावले, आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. कबूल केलेला पैसा त्यांनी शेवटच्या माणसापर्यंत चुकता केला आणि त्यावर थोडी भेट देऊन लोकांना घरी पाठविले. ज्यांच्या जिवावर तो किल्ला तगला, ते बहुतेक शेतकरी ख्रिस्ती नव्हते. श्वार्ट्झ ह्यांचा धर्म त्यांनी स्वीकारला नव्हता. त्यांचा हिशेब मात्र त्यांनी पाहिला होता.

असाच प्रसंग युद्धानंतर आला. राजांच्या अधिकाऱ्यांच्या जाचाने हजारो कुणबी मुलूख सोडून गेले होते. शेते ओस पडली. मद्रास सरकारने कारभाराची देखरेख करण्यासाठी नेमलेल्या कमिटीत श्वार्ट्झ ह्यांना घेतले. जबरदस्तीच्या कोणत्याही उपायात आपण भाग घेणार नाही, असे त्यांनी आधीच बजावले. परत या, अन्याय होणार नाही, असे राजांनी कळविले तरी कोणी आले नाही. राजांनी श्वार्ट्झ ह्यांना सांगावे लागले. त्यांनी शब्द दिला, तेव्हा एकाच दिवशी ७,००० लोक परत आले, आणि मागाहून आणखीही. पेरणीचे दिवस टळून गेले होते. श्वार्ट्झ ह्यांनी त्यांना आर्जवाने कामाला लावले. लोक रात्रंदिवस राबले, आणि उशिरा पेरूनही त्या वर्षी आदल्या वर्षापेक्षा पीक अधिक आले.

ह्या दोन्ही गोष्टी आपल्याला माहीत आहेत त्या स्वतः श्वार्ट्झ ह्यांच्या एका पत्रामुळे, आणि तेही त्यांनी आढ्यतेने लिहिलेले नाही. १७९३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटात मिशनकार्याविषयी वाद चालू असता एका सभासदाने श्वार्ट्झ ह्यांच्या मंडळीतील लोकांची कुचेष्टा केली. आपल्या मंडळीची अब्रू राखण्यासाठी वृद्ध पाळकाला लेखणी उचलावी लागली.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की ह्या माणसाच्या हातून चूक अशी झालीच नाही. तसे नाही, आणि मला तर त्यांच्या चुकीची कहाणीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

१७८७ मध्ये तुळजाजी राजे आजारी पडले. त्यांची मुले आधीच वारली होती. भोसले कुळातील सरफोजी नावाचा नऊ वर्षांचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि श्वार्ट्झ ह्यांना बोलावून मुलाचा हात त्यांच्या हाती देऊ केला. ह्याचे पालकत्व आणि राज्याची जबाबदारी तुम्ही घ्या, अशी त्यांची इच्छा होती. श्वार्ट्झ ह्यांनी नकार दिला. परका मनुष्य, पाळक, आणि दरबारात कारस्थानांचा सुकाळ. आपल्याने हे होणार नाही असे त्यांना वाटले. राजांचे सावत्र बंधू अमरसिंग ह्यांना मुलाच्या वतीने कारभारी नेमावे, असा सल्ला त्यांनी दिला. राजांनी तो मानला आणि थोड्याच दिवसांत त्यांचे देहावसान झाले.

अमरसिंग कारभारी म्हणून राहिले नाहीत. दत्तविधान शास्त्रशुद्ध नाही, अशी तक्रार त्यांनी गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेलकडे केली. पंडितांची सभा भरली, तिने दत्तक अमान्य ठरविले, आणि अमरसिंग गादीवर बसले. ह्या पंडितांपैकी काहींना लाच मिळाली होती, हे मागाहून बाहेर आले. सरफोजी मात्र वाड्यातील अंधाऱ्या खोलीत कोंडून पडला. त्याला शिक्षण नाही, मोकळी हवा नाही, जिवाची शाश्वती नाही.

श्वार्ट्झ साठी ओलांडून गेले होते. अमरसिंगही त्यांच्याशी आदराने वागत. आपण सल्ला दिला तेव्हा आपला हेतू शुद्ध होता, निर्णय सरकारने घेतला, आता पाळकाने ह्यात का पडावे, असे म्हणून गप्प राहणे सोपे होते; कोणी दोष दिला नसता. श्वार्ट्झ गप्प राहिले नाहीत. त्यांनी आपली चूक ओळखली आणि उरलेली अकरा वर्षे ती निस्तरण्यात घालविली. मुलाला वाड्याच्या कैदेतून सोडविण्यासाठी त्यांनी मद्रासकडे अर्जावर अर्ज केले. शेवटी जानेवारी १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या ह्यांना त्यांनी स्वतः सोबत करून मद्रासला सुरक्षित आणले. तेथे वेपेरी येथील मिशनरी गेरिके ह्यांच्या देखरेखीखाली त्या तरुणाचे शिक्षण सुरू झाले. भाषा, गणित, भूगोल, निसर्गशास्त्र, सर्व विषयांत तो रमला. पुढे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला जगप्रसिद्ध करणारी त्याची ज्ञानाची आवड मद्रासच्या ह्याच दिवसांत पोसली गेली.

दुसरीकडे श्वार्ट्झ ह्यांची लेखणी चालूच होती. दत्तविधान कसे योग्य होते, पहिल्या पंडितांचा निर्णय कसा दूषित होता, ह्याविषयी त्यांनी वरिष्ठांना सविस्तर लिहिले. इतर पंडितांचे अभिप्राय पुन्हा मागविण्यात आले आणि ते सरफोजीच्या बाजूने पडले. ह्या साऱ्या खटपटीत श्वार्ट्झ ह्यांना मिळणार काहीच नव्हते. सरफोजी ख्रिस्ती होईल, अशी आशा त्यांनी बाळगली होती, त्याच्यासाठी ते प्रार्थना करीत. पण त्याच्या हक्कासाठी झगडण्याला त्यांनी ही अट कधी घातली नाही. धर्म स्वीकार म्हणजे गादी मिळवून देतो, असा सौदा त्या काळी कोणालाही सुचला असता. सरफोजी त्यांना आयुष्यभर पित्यासमान मानत राहिले, ह्याचे कारण येथेच शोधले पाहिजे.

जातीच्या प्रश्नात मात्र श्वार्ट्झ फार सौम्य राहिले, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या मंडळ्यांत उच्चवर्णीय आणि दलित ख्रिस्ती वेगवेगळे बसत. काळाच्या ओघात हे आपोआप सुटेल अशी त्यांची समजूत होती. ते सुटले नाही. १८३३ मध्ये बिशप डॅनिएल विल्सन ह्यांनी ही रीत बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावरच्या मंडळीत मोठी फूट पडली. महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळ्यांना ह्या दुखण्याची ओळख करून द्यायला नको. एवढा सचोटीचा पुढारीही आपल्या अंगणातील अन्यायाबाबत डोळा मिटू शकतो, हे वाचताना मन खिन्न होते. मात्र सत्यनाथन ह्यांच्यासारख्या भारतीय सेवकाला १७९० मध्ये त्यांनी पाळकपणाची दीक्षा देवविली, ह्याचेही स्मरण ठेवावे.

१७९७ च्या अखेरीस पायाचे दुखणे बळावले. अंत जवळ आला असे वाटून त्यांनी सरफोजींना बोलावून घेतले. न्यायाने वागावे, विलासात बुडू नये, रयतेला बापासारखे सांभाळावे, ख्रिस्ती प्रजेला त्रास देऊ नये, आणि जिवंत देवाला ओळखावे, असा निरोपाचा उपदेश केला. मद्रासहून गेरिके आले. लहानपणापासून श्वार्ट्झ ह्यांनी वाढविलेले जॉन कास्पर कोलहॉफ जवळ होते. शेवटच्या दिवसांत एकदा ते गेले असे समजून भोवतालची मंडळी त्यांचे आवडते गीत गाऊ लागली, तो त्या निश्चेष्ट ओठांनी साथ धरली, असे सांगतात. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी त्यांनी देह ठेवला. जे काही थोडेफार होते ते त्यांनी मिशनला लिहून दिले होते.

अंत्यविधीला सरफोजी आले. त्यांनी शवावर वस्त्र घातले आणि सर्वांसमक्ष रडले. पुढे चार महिन्यांनी, २९ जून १७९८ रोजी, त्यांना गादी मिळाली. ज्याने त्यासाठी हाडे झिजविली त्याला ते पाहता आले नाही. लगेच पुढच्या वर्षी कंपनीने तह करून राज्याचा कारभार आपल्या ताब्यात घेतला आणि राजांकडे तंजावरचा किल्ला व मानमरातब एवढेच उरले. त्या मर्यादेत त्यांनी ग्रंथ जमविले, छापखाना चालविला, दवाखाना काढला, आणि आपल्या कुळाचा इतिहास १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला.

त्याच राजांनी लंडनच्या मिशन सोसायटीला पत्र लिहून श्वार्ट्झ ह्यांचे संगमरवरी स्मारक करवून पाठविण्याची विनंती केली. शिल्पकार होता जॉन फ्लॅक्समन. अंथरुणावर पडलेल्या वृद्ध पाळकाचा हात राजांनी धरला आहे, असे ते शिल्प तंजावरच्या किल्ल्यातील मंदिरात आहे. किल्ल्याबाहेर सेंट पीटर चर्चमध्ये श्वार्ट्झ ह्यांची कबर आहे. तिच्यावर कोरलेली इंग्रजी कविता राजांनी स्वतः रचली. ख्रिस्ती गरीब मुलांच्या पोषणासाठी आणि शिक्षणासाठी त्यांनी श्वार्ट्झ ह्यांच्या स्मरणार्थ देणगीही लावून दिली.

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले आणि राजांना भेटले. श्वार्ट्झ जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. राजे आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते आणि आपल्या देवघरातील चंद्रमौळीश्वराची पूजा नित्यनेमाने करीत होते. बिशपांशी बोलता बोलता ते आपल्या जुन्या पाद्रीबाबांच्या आठवणींकडे वळले, आणि मुलाने बापाविषयी बोलावे तसे त्यांच्याविषयी बोलत राहिले.